मे थंड गेला म्हणून तापमानवाढ खोटी? सोलापूरच्या पाऱ्याचा हिशेब

२०२५चा मे सोलापूरकरांना ओळखूच आला नाही. ज्या दिवसांत दुपारी नव्या पेठेत चिटपाखरू दिसत नाही, त्या दिवसांत वळवाच्या सरींवर सरी आल्या आणि कुलर कोपऱ्यात गेले. तेव्हापासून एक मजकूर आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय आणि उन्हाळा आला की शब्द बदलून परत येतो. त्याचा गोषवारा असा: सोलापुरात पूर्वी ४६ अंश होऊन गेलंय, तेव्हा कोणी तापमानवाढीचं नाव काढलं नव्हतं. आता मे थंड जातो, म्हणजे हे सगळं थोतांड. तो थंड गेला पृथ्वी सूर्यापासून लांब गेल्यामुळे. जी काही उष्णता वाढलीय ती सिमेंटच्या रस्त्यांची. आणि हवामान खातं खरे आकडे दाबतं, ते बघायचे तर मोबाईल बघा.

उन्हाळा सौम्य झालाय आणि खातं उष्णता लपवतंय, ही दोन्ही विधानं त्या मजकुरात गुण्यागोविंदाने नांदतात, हे सोडून देऊ.

आधी आकडे दाबण्याचा आरोप, कारण तो सगळ्यांना मनापासून पटतो. खातं ४३ सांगतं आणि मोबाईल ४७ दाखवतो, मग खोटं कोण? दोघं मोजतात ते एक नव्हेच. वेधशाळेत तापमापक असतो पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत. पेटी मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत येत नाही. झडपांतून वारा खेळतो. एवढा खटाटोप अशासाठी की मोजायचं असतं हवेचं तापमान, उन्हाचं नाही. उन्हात ठेवलेला तापमापक स्वतः किती तापलाय तेच सांगतो. मेमध्ये घरावरचा पत्रा साठी सहज ओलांडतो, डांबरी रस्ताही मागे नसतो, पण म्हणून शहराचं तापमान ६० होत नाही.

मोबाईलवरच्या अ‍ॅपचा सोलापुरात स्वतःचा तापमापक बहुधा नसतोच. संगणकाने एका मोठ्या चौकोनासाठी काढलेला तो अंदाज असतो. शिवाय बऱ्याचदा लोक ज्याचा फोटो पाठवतात तो आकडा ‘जाणवणाऱ्या’ तापमानाचा असतो, म्हणजे त्यात हवेतला दमटपणा धरलेला असतो. गंमत अशी की आपल्याकडच्या कोरड्या खडखडीत दुपारी हा जाणवणारा आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा कमीच निघतो. तो फोटो मात्र कोणी पाठवत नाही.

याचा अर्थ पेटीतला आकडा म्हणजे माणसाचं सोसणं, असाही नाही. पत्र्याच्या खोलीत विड्या वळत बसलेली बाई किंवा यंत्रमागाच्या शेडमधला कामगार जे सोसतो ते त्या ४३मध्ये मावत नाही. तक्रार तिथे करावी, आणि जोरात करावी. पण जुन्या नोंदींशी तुलना करायची तर जुन्याच पद्धतीने मोजलेला आकडा लागतो. पूर्वीचे ४६ त्या पेटीतले आणि आजचे ४७ मोबाईलवरचे, हे एका तराजूत बसत नाहीत.

याच आरोपाचं शेपूट: ४३ झालं तरी ‘उष्णतेची लाट’ जाहीर करत नाहीत. कारण लाटेची व्याख्या ठरलेली आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० हवं आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं, किंवा मग सरळ ४५ किंवा त्याहून जास्त हवं. सोलापूरची मेमधली कमाल तापमानाची सरासरीच चाळिशीच्या आसपास. त्यामुळे ४३ हा आपला नेहमीचा उन्हाळा ठरतो. तोच पारा महाबळेश्वरला गेला तर हाहाकार होईल. व्याख्या सोलापूरकरांच्या सोयीची आहे का, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला ती आपल्यावर अन्याय करणारी वाटते, कारण शरीराला सरासरी कळत नाही. पण यात लपवाछपवी नाही, नियम उघड आहे.

आता ४६. सोलापूरच्या नोंदींतला उच्चांक त्या घरातला आहे, हे खरंच. पण उच्चांक म्हणजे एका दिवसाची, तीही एका दुपारची गोष्ट. हवामान बदललं का, हे बघायला तीस वर्षांची सरासरी घेतात. हल्ली भारतीय हवामान विभाग १९९१ ते २०२० ही वर्षं धरतो. जुना उच्चांक न मोडताही सरासरी वर सरकू शकते, चाळिशीपारचे दिवस जास्त झाले की झालं. बागायतदार एका घडाच्या वजनावरून बागेचं उत्पन्न सांगत नाही. आणि ‘तेव्हा कोणी नाव काढलं नाही’ हा तर पुरावाच नव्हे.

मुख्य मुद्दा २०२५च्या मेचा. तो थंड गेला, हे सोलापूरपुरतं नाही, देशभर दिसलं. देशात सरासरी १२६.७ मिलिमीटर पाऊस झाला, १९०१पासूनच्या कोणत्याही मेपेक्षा जास्त. अरबी समुद्रात कोकणासमोर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, त्याची तीव्रता वाढली आणि २४ मेला ते रत्नागिरी-दापोलीच्या पट्ट्यात किनारा ओलांडून आत आलं. मुंबईत एरवी ११ जूनच्या सुमारास येणारा मान्सून २६ मेलाच पोचला. रोहिणी नुकती लागली होती, मृगाला अजून वेळ होता. आकाश झाकलेलं, जमीन ओली. अशा वेळी उन्हाची बरीच ताकद ओल वाळवण्यात खर्च होते, हवा तापवायला उरते थोडी. पारा उतरला तो यामुळे. तेही सुखाचं नव्हतंच. मेच्या उन्हात रानं तापावीत म्हणून नांगरून टाकलेली, तिथे चिखल झाला आणि मशागत अडली.

हे झालं एका महिन्याचं हवामान. मजकूर लिहिणाऱ्याने तोच महिना उचलला आणि त्याच्या आधीचं अख्खं वर्ष सोडून दिलं. २०२४ हे १९०१पासूनचं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष होतं. तीस वर्षांच्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने जास्त. त्याच २०२५च्या एप्रिलमध्ये आपण चाळिशीच्या वर भाजून निघत होतो, तोही विसरला. लांबचा हिशेब बघायचा तर १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलंय. पाऊण अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण हा सगळ्या ऋतूंतल्या, सगळ्या रात्रंदिवसांच्या सरासरीतला बदल आहे, एका दुपारचा नव्हे. एक मे त्याला खोडूही शकत नाही आणि सिद्धही करू शकत नाही. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, दर अंशाला साधारण सात टक्के. म्हणून ओला मे तापमानवाढीच्या विरोधात जातो असं नाही. पण तेवढ्यावरून ‘हा पाऊस तिच्यामुळेच’ असं मी म्हणणार नाही. तीही तीच चूक होईल.

सूर्यापासून लांब जाण्याची गोष्ट दोन ओळींत संपते. पृथ्वी दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर असते, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटर. सर्वांत जवळ असते जानेवारीत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी सावली पायाखाली जाते, हे २०२५लाही झालंच.

सिमेंटच्या रस्त्यांचा मुद्दा निम्मा खरा आहे. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडतं. जुळे सोलापुरातली गच्ची आणि अक्कलकोट रस्त्यावरचं एखादं रान यांतला फरक रात्री दहाला कोणालाही कळतो. पण अरबी समुद्राचं पाणीही तापलंय, आणि तिथे कोणी सिमेंटचा रस्ता केलेला नाही.

उलट बाजूचा मजकूरही आहे, त्याला सोडायला नको. पारा ४४ला टेकला की ‘सोलापूरच्या इतिहासात असा उन्हाळा झाला नाही’ असा निरोप येतो. बऱ्याचदा दोन्ही निरोप पाठवणारी मंडळी तीच असतात. हवामान खात्याच्या रोजच्या तक्त्यात कमाल तापमानाशेजारी सरासरीपासून किती फरक, हा रकाना असतो. हा शेजारचा आकडा दोन्ही निरोपांत नसतो.