‘भागवून घेणं’ वेगळं आणि ‘पुरेसं चांगलं’ वेगळं: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली, पण दोन ओळी खरडून मोकळं व्हावंसं वाटेना म्हणून जरा वेळ घेतला. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की जवळजवळ सारख्याच दोन-तीन वस्तूंमधून निवडायचं असेल तर आधी आपल्या अटी ठरवा, त्यात बसणारी पहिली वस्तू घ्या आणि विषय संपवा. त्यावर तुमचं म्हणणं असं की हा आळशी सल्ला आहे, म्हणजे नुसतं भागवून घेणं, वस्तू एकाशेजारी एक ठेवून बघितल्याशिवाय फरक कळत नाही, कंपन्यांना असंच बेसावध गिऱ्हाईक हवं असतं, ज्याच्याकडे पैसे मोजकेच आहेत त्याला एक चुकलेली खरेदी कितीतरी दिवस टोचत राहते, आणि मी ज्या जॅमच्या प्रयोगाचा दाखला दिला तो पुढे टिकलेलाच नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतः तीन आठवडे दोन वॉशिंग मशीनमध्ये अडकलेले आहात आणि त्याला तुम्ही जबाबदारी म्हणता.

आधी जॅमचं, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा तो 2000 सालचा प्रयोग: टेबलावर 24 प्रकारचे जॅम ठेवले तेव्हा थांबलेल्यांपैकी साधारण 3 टक्के लोकांनी विकत घेतला आणि 6 च ठेवले तेव्हा 30 टक्के लोकांनी. मी हे असं लिहिलं की जणू पर्याय वाढले की माणूस गोंधळणारच. 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले गेले तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला, हे मी लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही, चूक माझी. पण गोष्ट तिथे संपत नाही. 2015 मध्ये अलेक्झांडर चेर्नेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा सगळं चाळलं आणि हा गोंधळ नेमका कधी होतो ते शोधलं. पर्याय एकमेकांशी ताडायला अवघड असतील तेव्हा, निवडायचं कामच किचकट असेल तेव्हा, आणि मुख्य म्हणजे आपल्याला काय हवंय हेच आपल्याला नीट माहीत नसेल तेव्हा. मला तर हे मूळ प्रयोगापेक्षा जास्त कामाचं वाटतं. समोर चोवीस आहेत की सहा हा प्रश्नच नाही, आपण दुकानात शिरताना डोक्यात काय घेऊन शिरलो हा प्रश्न आहे.

आता ‘आळशी’ या शब्दाकडे येते, तो मला लागला हे लपवत नाही. ‘पुरेसं चांगलं’ ही कल्पना हर्बर्ट सायमन यांची, 1956 मध्ये त्यांनी ती मांडली, पुढे 1978 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. त्यांचं म्हणणं साधं होतं: माणसाकडे वेळ, माहिती आणि डोकं तिन्ही मोजकंच असतं, त्यामुळे जगातलं सगळ्यात उत्तम काय ते शोधत बसण्यापेक्षा तो एक पातळी ठरवतो आणि तिच्यावर बसणारं मिळालं की थांबतो. आता यात पातळी खाली आणा असं कुठे म्हटलंय? पातळी तुम्ही हवी तितकी वर ठेवा. मला आवाज न करणारा पंखा हवा म्हणजे हवाच, त्यात तडजोड नाही, असं ठरवून दहा पंखे नाकारा, मी टाळ्या वाजवीन. भागवून घेणारा माणूस पातळीच ठरवत नाही, हातात येईल ते घेतो. त्या दोघांना एका माळेत ओवू नका एवढंच माझं म्हणणं.

मेहनत कुठे करायची हा खरा मुद्दा, आणि तो मला अनुभवातून कळलाय म्हणून सांगते. आईसाठी घरी बीपी मोजायचं मशीन घ्यायचं होतं. मी अक्षरशः दहा-बारा दिवस त्यात होते, तक्ता बनवला, कुठल्यात 60 रीडिंग साठतात, कुठल्यात 90, ब्लूटूथ आहे का, स्क्रीनला लाइट आहे का, रेटिंग 4.3 की 4.4, सगळे रकाने भरले आणि शेवटच्या दोघांमध्ये तर रोज रात्री मत बदलायचं. घेतलं एकदाचं. मशीन चांगलंच होतं. पण घरचं रीडिंग दवाखान्यातल्यापेक्षा कायम जास्त यायचं, आई घाबरायची, रात्री उठून परत मोजायची. मग एक दिवस दवाखान्यातल्या सिस्टरनी मशीनचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, हातात घेतला, त्यावर छापलेलं 22–32 सेंमी मला दाखवलं, टेप काढली आणि आईच्या दंडाला गुंडाळली. 35 भरले. कफ लहान होता, बस. लहान कफने बीपी खोटं जास्त दिसतं, ते मला माहीतच नव्हतं, आणि माझ्या एवढ्या मोठ्या तक्त्यात ‘दंडाचा घेर’ असा रकानाच नव्हता.

हे किरकोळ नाही हो. 2023 मध्ये यावर एक नीट चाचणी प्रसिद्ध झालीय, 195 माणसांवर केलेली. ज्यांना मोठा कफ लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचं बीपी सरासरी 4.8 ने जास्त आलं, आणि ज्यांना अगदीच मोठा लागतो त्यांचं 19.5 ने. एवढ्यावर एखाद्याच्या गोळ्या वाढू शकतात! म्हणजे दोन कंपन्यांच्या दोन चांगल्या मशीनमध्ये मी जो फरक शोधत होते तो नगण्य होता, आणि खरा फरक एका टेपने अर्ध्या मिनिटात सापडला असता. दहा-बारा दिवसांची मेहनत होती, खोटं नाही, पण ती जे आकडे सहज दिसत होते त्यांच्यातच खर्च झाली.

म्हणून मी म्हणते की संशोधन करा, भरपूर करा, पण ते नाकारण्यासाठी करा. कफ बसत नाही, बाद. अचूकतेची स्वतंत्र तपासणी झालेली नाही, बाद. दुरुस्ती करणारं जवळपास कोणी नाही, बाद. असं गाळत गेल्यावर जे दोन उरतात ते दोन्ही आपल्या कामाचे असतात आणि तिथून पुढचा प्रत्येक तास जवळजवळ फुकट जातो, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त तास तिथेच जातात. एडवर्ड फ्रेडकिन नावाच्या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने हा पेच ओळखला जातो, मार्विन मिन्स्की या दुसऱ्या संगणकशास्त्रज्ञाने 1986 मध्ये तो फ्रेडकिन यांच्या नावाने नोंदवून ठेवलाय: दोन पर्याय जितके सारखे तितकं निवडणं अवघड, आणि तितकाच त्या निवडीने पडणारा फरकही कमी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्याच पानावर थांबले होते. ‘ठरत नाहीये’ ही भावना आपल्याला धोक्याची घंटा वाटते, मग आपण अजून खोदतो. बऱ्याचदा ती नेमकी उलटी खूण असते, की आता कुठलंही घे, चालेल.

बरं, एकाशेजारी एक ठेवून बघण्याचं तुम्ही लिहिलंय, त्यावर मला थोडं तुमच्या बाजूनेच बोलायचंय. क्रिस्टोफर शी यांचा 1996 चा एक अभ्यास आहे, संगीताच्या दोन शब्दकोशांचा. एकात 10,000 नोंदी, अगदी नवाकोरा. दुसऱ्यात 20,000 नोंदी पण कव्हर फाटलेलं. वेगवेगळ्या लोकांना एकेकच दाखवला तर नव्याकोऱ्याला जास्त किंमत मिळाली, दोन्ही एकत्र दाखवले तर फाटक्याला. कारण एकटा बघताना 10,000 म्हणजे खूप की थोडं हे कळणार कसं? शेजारी 20,000 आलं की त्या आकड्याला अर्थ येतो. तर हो, ज्या आकड्याचा अर्थ आपल्याला लागत नाही तो कळायला तुलना लागतेच, तुमचा मुद्दा मान्य. पण याच तुलनेची दुसरी बाजू अशी की ती बारीक फरकालाही मोठं करून दाखवते. दुकानातल्या भिंतीवर दहा टीव्ही ओळीने चालू असतात तेव्हा एकाचा रंग दुसऱ्यापेक्षा फिका वाटतो, अगदी डोळ्यात भरतो तो फरक. घरी एकच टीव्ही असणार आहे, शेजारी दुसरा नसणार, आणि मग तो ‘फिका’ रंग आयुष्यात परत कधी दिसत नाही. तेव्हा फरक दिसला की स्वतःला विचारायचं, हा मला घरी एकटी वस्तू वापरताना जाणवेल का? नसेल जाणवणार तर त्या रकान्यावर काट मारा.

रेटिंगचंही तसंच. 4.3 आणि 4.4 मधल्या फरकावर झोप घालवू नका, 60 लोकांचं 4.4 आणि 9,000 लोकांचं 4.3 असेल तर मी दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवीन. मी तर आता पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचतच नाही, दोन-तीन स्टारवाले वाचते आणि एकच तक्रार परत परत येतेय का एवढंच बघते. सहा महिन्यांत झाकण तुटलं असं दहा जण म्हणत असतील तर ती माहिती, बाकी बरंचसं मनोगत.

पैशांचा मुद्दा तुम्ही मनापासून मांडलाय आणि तो मी मागच्या लेखात जवळजवळ सोडूनच दिला होता. मोजक्या पैशात घेणाऱ्याने जास्त विचार करावाच, यात वाद नाही. फक्त तो विचार वस्तू बिघडली तर काय यावर करावा असं मला वाटतं: परत घेतात का, किती दिवसांत, वॉरंटीत काय येतं आणि काय नाही, सुटे भाग मिळतात का, बिल जपून ठेवायला कोणाला सांगितलंय. चुकीच्या खरेदीची झळ इथे कमी होते. आणि बेसावध गिऱ्हाईकाचं म्हणाल तर कंपन्यांना विचार करणाराही चालतो, त्याच्यासाठीच तर एकाच मशीनची चार मॉडेल निघतात, प्रत्येकात एक बटण जास्त. 1982 मध्येच जोएल ह्यूबर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की शेजारी एक मुद्दाम कमअस्सल पर्याय ठेवला की त्याच्यासारखा पण सरस असलेला पर्याय लोक जास्त उचलतात. ज्याच्या अटी आधी ठरल्यात त्याला हे लागू व्हायची भीती मला कमी वाटते.

एक गोष्ट तुमच्या बाजूची, तुम्ही लिहिली नाहीत तरी मी सांगते. 2006 मध्ये अय्यंगार, वेल्स आणि श्वार्ट्झ यांनी पदवीनंतर नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. सर्वोत्तमच हवं म्हणून शोधत राहणाऱ्यांना सुरुवातीचा पगार सुमारे 20 टक्के जास्त मिळाला. समाधान मात्र कमी होतं. नोकरी, घर, ऑपरेशन कुठे करायचं, असल्या ठिकाणी पर्यायांमध्ये खरोखर दरी असते, तिथे खोदा, थकेपर्यंत खोदा, मीही तेच करीन. माझा लेख सारख्या वस्तूंबद्दल होता.

आता तुमचं वॉशिंग मशीन. तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं: एकात 12 प्रोग्रॅम, दुसऱ्यात 15, एकाचं स्पिन मिनिटाला 1200 फेरे, दुसऱ्याचं 1400, दोन्ही फ्रंट लोड, क्षमता सारखी, विजेचं लेबल सारखं. मी असते तर हे सगळं बाजूला ठेवून टेप घेतली असती. मशीन पुढून मागपर्यंत किती खोल आहे ते धरायचं, त्यात मागच्या पाइपांना वळायला लागणारी जागाही जोडायची आणि तेवढी जागा घरात आहे का ते मोजायचं, कारण माहितीपत्रकात ती बहुतेक वेळा धरलेली नसते. दार पूर्ण उघडतंय का, उघडल्यावर बादली घेऊन उभं राहता येतंय का. ज्या दारातून मशीन आत येणार त्याची रुंदी. नळाला पाण्याचा दाब किती आहे आणि मशीनला कमीत कमी किती लागतो, हे माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. या चारांत दोघांपैकी एक मशीन जरी नापास झालं तर तुमचे पुढचे आठवडे वाचले समजा, निकाल लागला. दोन्ही पास झाली तर जे लवकर घरी पोचतंय ते मागवा, आणि मागवल्यावर दुसऱ्याचं पान बंद करा, त्याची किंमत उतरली का ते बघायला परत जाऊ नका. 1400 ने कपडे थोडे जास्त पिळून निघतील, तेवढंच, आणि प्रोग्रॅम तर बहुतेक घरांत दोन किंवा तीनच फिरतात.

जागा मोजलीत की इथेच खाली आकडे टाका, पाइपांसकट. मी बघते.