मोठ्या आईची नागीण आणि भूल देणारे डॉक्टर

मागच्या मे महिन्यात आमच्या मोठ्या आईला नागीण झाली. वय ७२. पाठीपासून डाव्या छातीखालपर्यंत फोडांचा पट्टा. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर आणि बाहेर पारा ४५ वर. पहिले तीन दिवस गेरूचा लेप लावण्यात गेले. नागिणीचं तोंड शेपटीला लागलं की माणूस जातो, या भीतीने आम्ही सगळे पट्टा कुठवर सरकला तेवढंच पाहत होतो. (ही भीती खोटी आहे. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळच्या नसांच्या गाठीत वर्षानुवर्षं दबून राहतो आणि एखाद्या नसेच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून पट्टा बहुधा एकाच अंगाला असतो.) खरी घाई गोळीची होती. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूवरची औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यात जास्त कामाची. आमचे ते ७२ तास गेरूत गेले.

तीन आठवड्यांनी खपल्या पडल्या. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, नागीण बरी झाली. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो, पण मोठी आई झोपेना. "अंगाले पदर लागला तरी आग होते रे बाप्पा." कूलरची हवा त्या बाजूला लागली तरी किंचाळायची. ज्या बाईने चार बाळंतपणं आणि मोडलेला पाय निमूट सोसला, ती रात्री दोन वाजता भिंतीला टेकून रडत बसायची.

मग आमच्या चकरा सुरू झाल्या. डावी छाती म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल आला. पाठ म्हणून हाडांचे डॉक्टर, एक्स-रे, कॅल्शियम. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी दुखणं तसूभर कमी झालं नाही, पित्त मात्र वाढलं. एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं, "वय झालं आता, थोडं सहन करावं लागेल." मी शेजारीच बसलो होतो आणि मान डोलावली. ती मान डोलावणं मला आजही छळतं. यात पाच महिने गेले.

नागपुरात डॉक्टर कमी आहेत असं कोणी म्हणू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच काय, छिंदवाडा-बालाघाटचे लोक धंतोली-रामदासपेठेत रांगा लावतात. पण छातीला डॉक्टर आहे, हाडाला आहे, कातडीला आहे. नुसत्या दुखण्याला कोणाचं दार वाजवायचं, हे पाच महिन्यांत आम्हाला एकाही डॉक्टरने सांगितलं नाही. सांगितलं ते गल्लीतल्या एका पोरीने, जी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. "काका, भूलतज्ज्ञाला दाखवा."

मला वाटलं, ऑपरेशनच नाही तर भूल कशाला? पण वेदनांवर उपचार करणारे, म्हणजे पेन क्लिनिक चालवणारे डॉक्टर बहुतेक वेळा मूळचे भूलतज्ज्ञच असतात. कोणती नस कुठून जाते आणि ती बधिर कशी करायची, हे त्यांचं रोजचं काम.

त्या डॉक्टरांनी आधी कापसाचा बोळा उजव्या अंगावरून फिरवला, मग डाव्या. डावीकडे मोठी आई दचकून मागे सरली. एवढ्या महिन्यांत त्या जागेला हात लावून पाहणारे ते पहिले. नागीण गेल्यावर तीन महिन्यांनंतरही उरणाऱ्या या दुखण्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. नसच जखमी झालेली असते, म्हणून साधा स्पर्शही मेंदूपर्यंत आग होऊन पोचतो. यावर गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन चालतं. रात्री छोट्या डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून. चक्कर येते, म्हातारं माणूस पडू शकतं, म्हणून बाथरूमला जाताना सोबत हवी. आणि ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही. कातडी धड असेल तर लिग्नोकेनचा (बधिर करणाऱ्या औषधाचा) पॅच लावतात, भागलं नाही तर नसेचा ब्लॉक, म्हणजे इंजेक्शन देऊन नस बधिर करणं. दुखणं पूर्ण शून्यावर येईल असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. त्याचमुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांनी नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी दवाखान्यांमध्ये भूलशास्त्र विभागात जाऊन विचारा, वेदनांची ओपीडी असते का, कोणत्या वारी. सगळे जुने कागद, चालू गोळ्यांची पानं आणि शुगरचा रिपोर्ट सोबत न्या.

आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी नागिणीच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ पासून मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळत नाही, हे मला फार लागतं. माझ्या आईचा पहिला डोस झाला आहे.

डॉक्टरांनी रोजचं दुखणं दहापैकी किती ते लिहायला सांगितलं होतं. मोठ्या आईला आकडे सांगता येत नाहीत. मग आम्ही कालनिर्णयच्या चौकटीत रोज दोनच गोष्टी लिहितो, झोप किती तास आणि पदर घेता आला का. या महिन्यात "घेतला" असं एकोणीस वेळा लिहिलं आहे.