‘प्रत्येक घरी आरओ हवाच’ या संदेशाबाबत खुलासा

कोल्हापुरात प्रत्येक घरी आरओ (पाण्यातील विरघळलेले क्षारही काढणारे शुद्धीकरण यंत्र) हवाच आणि एकदा यंत्र बसवले की पुढे खर्च नाही, असा संदेश फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. भारतीय मानकानुसार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार स्वीकारार्ह असून, नदी-धरणाच्या पाण्यात ते सहसा त्याहून बरेच कमी असल्याने अशा घरी यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारे) किंवा यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीचे) यंत्र पुरते. बोअरचे पाणी मात्र आधी तपासून घ्यावे. विक्रेता दाखवतो ते टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजते, जंतू मोजत नाही, हे गृहिणींना कोणी सांगत नाही, याचे वाईट वाटते.

पावसाळ्यात पंचगंगा तांबडी झाली की आमच्या यंत्राची पांढरी कँडलही (गाळ अडवणारी गाळणी) तांबूस पडते आणि ती बदलावीच लागते. आरओत त्याखेरीज मेम्ब्रेनचा (क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्याचा) खर्च येतो आणि बरेचसे पाणी मोरीत वाहून जाते. म्हणून खरेदीपूर्वी सुट्या भागांचे दर लेखी मागावेत.