‘साधे’ ब्रेक आणि माझा गेलेला रविवार

‘सायकलला डोळे झाकून मेकॅनिकल, म्हणजे केबलने ओढायचे डिस्क ब्रेक घे, साधे असतात, घरच्या घरी दुरुस्त करता येतात,’ असं मला ज्याने सांगितलं, त्याने आता येऊन ते घरच्या घरी दुरुस्त करून दाखवावेत. ‘करता येतात’ म्हणजे ‘सारखे करत बसावे लागतात’ हे तेव्हा का नाही बोललास रे?

तासभर मागच्या चाकाशी उकिडवा बसलोय. चाक फिरवलं की दर फेरीला एकदा ‘खस्स’. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन पॅडच्या चिमटीत धरतो तो कॅलिपर; त्याचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट आवळा. लिव्हर सोडला, चाक फिरवलं... खस्स! कारण माझ्या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, दुसरा ढिम्म. हलणारा पॅड डिस्कला ढकलत, वाकवत त्या ढिम्म्यावर नेऊन आदळतो. म्हणून ढिम्म्याला डिस्कच्या इतकं जवळ ठेवायचं की मधून जेमतेम कागद जाईल. त्यात डिस्क केसभर वाकडी असली की झालं कल्याण. पॅड झिजले की लिव्हर थेट हँडलला टेकतो, मग पुन्हा पॅड आत घ्या. केबलच्या आउटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, चिखलपाणी गेलं की दाबून दाबून बोटं दुखतात ती वेगळीच.

हायड्रॉलिकवाल्यांनी, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक वापरणाऱ्यांनी, लगेच मिशांना पीळ देऊ नये. एका बोटात ब्रेक लागतो, पॅड झिजतील तसा आपोआप ॲडजस्ट होतो, सगळं मान्य. पण मित्राची फजिती मी पाहिलीय. चाक काढून सायकल गाडीत कोंबली, वाटेत लिव्हर दाबला गेला, पॅडला ढकलणारे पिस्टन बाहेर आले, पॅड एकमेकांना चिकटले. मुक्कामाला पोचल्यावर चाक काही बसेना! पॅडमध्ये अडकवायचा तो प्लास्टिकचा तुकडा साहेबांनी खोक्याबरोबर कधीच फेकून दिला होता. आणि तेलाचं सोवळं तर विचारूच नका. शिमानो कंपनीच्या ब्रेकना मिनरल ऑइल, स्रॅम कंपनीच्या कित्येक ब्रेकना डॉट फ्लुइड, म्हणजे गाड्यांच्या ब्रेकमध्ये असतं ते. अदलाबदल झाली की आतली सीलं बाद. शिवाय डॉट सांडलं तर फ्रेमचा रंग खातं.

सगळ्यात डोकं फिरवणारा सल्ला म्हणजे ‘आत्ता मेकॅनिकल घे, नंतर बदल.’ अरे, माझं हँडल ड्रॉप बार आहे, रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं! गिअरचा शिफ्टर आणि ब्रेकचा लिव्हर एकाच तुकड्यात. ब्रेक बदलून हायड्रॉलिक घ्यायचा म्हणजे दोन्ही शिफ्टर काढून फेकायचे. केबलने ओढायचा हायड्रॉलिक कॅलिपरही मिळतो म्हणे, म्हणजे केबलची कटकट आहेच, वर तेलाचीही!

बोल्ट पाचव्यांदा सैल केलेत. पाच नंबरची एलन की इथेच ठेवलीय. येतोस ना?