कानाची हाडं औषधाने झिजत नाहीत, पूने झिजतात

लालबाग-परळच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'कान फुटल्यावर मुलांना अँटिबायोटिक देऊ नका, कानाची हाडं ठिसूळ होतात.' हे चुकीचं आहे.

मध्यकर्णात हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं असतात. कान महिनोन्‌महिने वाहत राहिला की सुजेमुळे हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात, आणि बहुतेकदा ऐरणीचा बारीक पाय आधी झिजतो. कानामागच्या हाडात जंतू पसरले तर तिथेही पू होतो. अँटिबायोटिक आल्यापासून हा आजार खूप कमी झाला.

मेसेजचं मूळ बहुधा टेट्रासायक्लिन या दुसऱ्या एका अँटिबायोटिकमध्ये असावं. ते वाढत्या दातांत आणि हाडांत बसतं, म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत. कानासाठी बहुतेकदा लिहून देतात ते अमॉक्सिसिलिन. ते वेगळं औषध.

प्रत्येक दुखऱ्या कानाला अँटिबायोटिक लागतंच असं नाही, हेही खरं. दोन वर्षांवरच्या मुलाचं दुखणं सौम्य असेल तर डॉक्टर दोन-तीन दिवस थांबायला सांगतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, मेसेजने नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एका आईने मुलाला आणलं. पर्समध्ये अर्धी भरलेली बाटली, मेसेज वाचून तिसऱ्या दिवशी बंद केलेली. कानामागे लालबुंद सूज, कानाची पाळी पुढे ढकललेली. असं दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.