'पुरणपोळी' सेंट दोन तासांत उडाला म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. 'दोन तासांत वास गायब, पांढऱ्या शर्टाला पिवळा डाग, 650 रुपये पाण्यात, वर मालक उर्मट.' तुम्हाला ऐन लग्नात त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. डागाची चूक माझीच. या सेंटमध्ये व्हॅनिलिन आहे, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, ते उजेड-हवा लागली की तपकिरी पडतं. म्हणून तर बाटलीत तो कोऱ्या चहासारखा दिसतो. पांढऱ्या कपड्यावर मारू नका हे मी सांगायला हवं होतं, लग्नसराईच्या गर्दीत राहून गेलं.

पण 'दोन तासांत' हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

तुम्ही सकाळी साडेदहाला आलात. आधी चार टेस्टर दोन्ही हातांवर मारून झाले, मग 'पुरणपोळी' आवडला. बाटली घेतल्यावर कॉलरपासून बाहीपर्यंत सात फवारे मारलेत. मी दोनच पुरे म्हणालो होतो, आठवून बघा. तिथून गाडीवर कार्यालयात. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, त्यात गाडीवरचा वारा. अल्कोहोलवरचा कुठलाही सेंट असा भराभरा उडतो, आमचाच नाही. आणि जे आधी उडतं ती असते वेलची. वेलची वरवरची, अर्धा-पाऊण तास झणझणते आणि जाते. मागोमाग जायफळ. मग गुळाचा खरपूस वास वर येतो, आणि शेवटी व्हॅनिला नि चंदन अंगालगत बसून राहतात. तुम्ही वेलची शोधत होतात. वेलची गेली हो, पुरण होतं की!

कशावरून म्हणाल, तर तुम्ही तक्रार घेऊन परत आलात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. तुम्ही पायरी चढून आत आलात, अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर काउंटरवरची आमची मुलगी मान वर न करताच म्हणाली, "काका, पुरणपोळी कुणी सांडली का?" बाटली कपाटात होती, टोपण लावलेली. वास तुमच्या बाहीचा होता साहेब. सात तासांनंतरचा.

तुम्हाला तो येत नव्हता हे खरं असणार, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. नाकाला सवय होते. शेंगाचटणी कुटणाऱ्याला लसूण जाणवत नाही, बोळात शिरणाऱ्याला कोपऱ्यावरूनच जाणवतो. म्हणूनच मी म्हणालो, समोरच्या गाड्यावर चहा घेऊन या आणि मग बाहीला नाक लावा. तेच तुम्हाला उर्मटपणा वाटलं. लाईट गेलेली, पंखा बंद, माझा आवाज चढलाही असेल. पण चहाचे पैसे मी देतो म्हणालो होतो, तेवढं रिव्ह्यूत आलं नाही.

'सेंट आहे का मिठाई' असंही लिहिलंय. हा प्रकार मी काढलेला नाही. पॅरिसच्या थिएरी मुग्लरने 1992 साली 'एंजल' आणला, त्यात इथाइल माल्टोल होतं. साखर करपवल्यावर येतो तो वास. तेव्हापासून जगभर चॉकलेट, कॅरॅमल, व्हॅनिला अंगाला लावतात. मी फक्त त्यांच्या केकऐवजी आपलं पुरण घेतलं. वडील मंगळवार पेठेत कानात फाया घालून अत्तर द्यायचे, हिना नि मोगरा. त्यांना दाखवला असता तर तेही हसले असते म्हणा.

650 बद्दल एवढंच, की 30 मिलीत 18 टक्के सुगंधी तेल आहे. यापेक्षा स्वस्तात द्यायचं तर तेलच कमी करावं लागेल, आणि मग खरोखर दोन तासांत उडेल.

आमचे सगळे मिळून 23 रिव्ह्यू आहेत. एवढ्यात एक स्टार दिसला की गिऱ्हाईक पायरीवरूनच वळतं. काढून टाका असं म्हणणार नाही, तुमची मर्जी. डागाबद्दल पाटी लावतो आहे, मुलीलाही सांगून ठेवलंय, लहान बाटलीचं बघू जमलं तर.

बाटलीत निम्मा जरी शिल्लक असला तरी घेऊन या, पैसे पूर्ण परत देतो. येताना तो शर्टही आणा, डागाला काय करता येतं ते बघू. फक्त धुतला नसेल तर तसाच आणा.