समाजशास्त्राच्या नियतकालिकाचे वजन कोणत्या काट्यावर करावे?

पदोन्नतीचा अर्ज भरताना ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा रकाना पुन्हा समोर आला. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांवरचा माझा लेख ज्या मराठी त्रैमासिकात आला, त्याला असा आकडाच नाही. रकान्यात रेघ ओढताना मन खट्टू झाले, आणि ते केवळ माझ्या गुणांसाठी नव्हे.

नियतकालिकातील मागील दोन वर्षांच्या लेखांना चालू वर्षात मिळालेल्या उल्लेखांना, म्हणजे इतर लेखकांनी संदर्भ म्हणून घेतलेल्या नोंदींना, त्या लेखांच्या संख्येने भागले की हा आकडा मिळतो. समजा, चाळीस लेखांना वीस उल्लेख मिळाले, तर आकडा ०.५ येतो, पण त्यातले पंधरा एकाच लेखाचे असतील तर उरलेल्या एकोणचाळीस लेखांविषयी तो काय सांगतो? अमेरिकन माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये उल्लेखसूचीची, म्हणजे कोणत्या लेखाचा उल्लेख कोणी केला याच्या यादीची, कल्पना मांडली ती एखाद्या विचाराचा पुढचा प्रवास शोधण्यासाठी. प्राध्यापकांची प्रतवारी लावण्यासाठी नव्हे.

खरी अडचण मुदतीची आहे. ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’सारख्या नियतकालिकाला वर्षभरात मिळणाऱ्या उल्लेखांपैकी निम्म्याहून अधिक उल्लेख दहा वर्षांहून जुन्या लेखांना असतात. गावात राहून केलेला अभ्यास वाचला जाणे, पडताळला जाणे आणि वादात येणे, याला वेळ लागतो. केळीचा घड वर्षाभरात उतरतो म्हणून चिंचेकडून त्याच मुदतीत फळ मागणे आपल्या तापीकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला पटणार नाही. शिवाय समाजशास्त्रातील बरीच चर्चा ग्रंथांतून चालते, आणि मराठी नियतकालिकांतले उल्लेख बहुतेक आंतरराष्ट्रीय सूच्यांत येतच नाहीत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या ‘संशोधक’चा उपयोग किती झाला, हे त्या सूच्यांवरून कसे कळणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद करून नियतकालिकांची पारख संस्थांवर सोपवली. काहींना हे आयोगाने जबाबदारी झटकणे वाटते. मला मात्र ती संधी वाटते, अर्थात आपण पुन्हा तोच आकडा शोधत बसलो नाही तरच. निदान दहा वर्षांची मुदत धरावी, सरासरीऐवजी उल्लेखांची लेखनिहाय विभागणी पाहावी, आणि ग्रंथ, प्रबंध, अभ्यासक्रम व शासकीय अहवाल यांतील वापरही नोंदवावा. व्यक्तीचे काम तिच्या लेखावरून तपासावे, नियतकालिकाच्या आकड्यावरून नव्हे, हे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१२ मध्येच सांगितले आहे.

धडगावकडच्या एका आश्रमशाळेतील शिक्षकांनी माझ्या त्या लेखाची प्रत मागवली आणि दिवाळीनंतर वर्गातून गळणाऱ्या मुलांची महिनावार नोंद ठेवायला सुरुवात केली. ही नोंद कोणत्याही सूचीत येणार नाही, तरी मी ती अर्जासोबत स्वतंत्र कागदावर जोडली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतील कोणी मराठी प्रबंधांच्या संदर्भयाद्या जमवल्या असतील तर जरूर कळवावे. मोजणीची सुरुवात तेथूनच करता येईल.